स्वरूपाचं वजन

नववीतली स्वरूपा दर सोमवारी रडकुंडीला यायची. शाळेत निरोगी वजनाचं अभियान सुरू झालं होतं, आणि त्या दिवशी जाड मुलींना वेगळ्या रांगेत उभं करून त्यांचं वजन सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचलं जायचं. एकेकाळी खो-खोत तिला कुणी शिवू शकत नसे. पण शाळेच्या खो-खोच्या मैदानावर संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब निकम यांनी आपलं मंगल कार्यालय उठवलं होतं.

एकदा हे दादासाहेब अभियानावर भाषण द्यायला आले. त्यांनी रांगेतून नेमकं स्वरूपाला पुढं बोलावलं. "काय गं पोरी, एवढी कशी वाढलीस?"

स्वरूपा बोलली. "मैदान होतं तोवर वाढत नव्हते, साहेब. तुमचं कार्यालय आणि मी, दोघं एकदमच वाढलो."

सगळी शाळा हसली.  दादासाहेब पाणी पिऊन खाली बसले.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात लग्न होतं. खेळाच्या बाईंनी मुलींना वर्गात बाकावर बसल्या बसल्या हात वर-खाली करायचा व्यायाम दिला आणि सांगितलं, "बँड जोरात आहे, आकडे मनातल्या मनात मोजा." स्वरूपानं हात वर केले.