पेटीतला दाखला

दूध संघाच्या डेअरीत रोज संध्याकाळी जमिनीपासून यंत्रांपर्यंत सगळं पाइपाच्या जोरदार फवाऱ्यानं धुतात. तिथं स्विचची नवी पेटी बसली आणि वायरमन सुलभा कांडेकर अडून बसली.

"साहेब, केबलसाठी पेटीच्या माथ्यावर भोक पाडलंय, ते उघडंच आहे. मी लाइन जोडणार नाही."

मुख्य अभियंता धुमाळसाहेबांनी सगळ्यांदेखत, पेटी आली तेव्हा तपासून दिलेला स्वतःच्या सहीचा दाखला फडकवला. "आयपी ६५! सहा म्हणजे धूळ आत जात नाही, पाच म्हणजे फवारा आत जात नाही. दाखल्यापेक्षा तू शहाणी का?"

"छे, साहेब. मग दाखला पेटीतच ठेवा. याहून कोरडी जागा कुठं मिळणार?"

साहेबांनी ऐटीत दाखला आत ठेवला, पेटीला कुलूप लावलं. संध्याकाळी डेअरी धुणाऱ्या हौसाबाईंनी नेहमीसारखा पाइप मारला. साहेबांनी पेटी उघडली, तर पाणी भसकन त्यांच्या बुटांवर आलं. दाखल्याचा लगदा झाला होता. सहीचा नुसता निळा ओघळ उरला होता.

"अगं, पण दाखला खरा होता!" साहेब कसेबसे म्हणाले.

"खराच होता, साहेब. पण तो कारखान्यातून आलेल्या धड पेटीचा. भोक आपण इथं पाडलं. आज आत कागद होता, म्हणून शाईवर भागलं. लाइन असती, तर तुम्हाला दुसरा दाखला आणावा लागला असता. हौसाबाईंच्या मृत्यूचा."

हौसाबाईंच्या हातातून पाइप गळून पडला.