बकुळीचे पाय

एका राज्यात, भर राजरस्त्यावर, एक बकूळ होती. नवा राजा गादीवर बसला की तिच्या पारावर हातभर उंच दगडांचा थर चढवी. मान द्यायची त्यांची रीतच तशी! दोन राजांचे दोन थर चढले होते.

त्याच रस्त्यावर सगुणा नावाची झाडांची वैद्यीण राहायची. तिच्या वेणीसाठी तिच्या धाकट्या भावाने, भिवाने, बकुळीची फुलं ओरबाडली. राजमांत्रिकाने ते पाहिलं आणि तिथल्या तिथे भिवाचा रावा केला. "ही पुन्हा फुलेल तेव्हा सुटशील. वाळली, तर तूही सरशील."

त्याच साली नवा राजा आला, तिसरा थर चढला. बकूळ फुलेचना. तिचं पान गळे, तसं राव्याचं पीस गळे. माझ्या एका वेणीपायी हे झालं, म्हणून सगुणा मनातल्या मनात जळायची. मांत्रिकाने बुंध्याला दूध घातलं, मध घातला, सोन्याचा वर्ख लावला. छे! झाड आणखीच उतरलं.

शेवटी सगुणा पारावर चढली. पानं उलटून पाहिली, कीड नव्हती. खोडावर टिचक्या मारल्या, पोकळ नव्हतं. मग नुसती बुंध्याकडे बघत बसली.

"ताई, काय दिसतं?" राव्याने विचारलं.

"झाड कसं पाय फाकवून उभं असतं. ही खांबासारखी उभी आहे. हिचे पाय कुठायत रे? अरे देवा, हिला मान देता देता गळ्यापर्यंत पुरलीय!"

ती तडक दरबारात गेली. "महाराज, पार उतरवा. बकूळ गुदमरतेय."

"ते राजांचे दगड आहेत," मांत्रिक गरजला. "परका हात लावेल, तो दगड होईल."

"होऊ दे. भाऊ मरताना बघण्यापेक्षा ते बरं."

राजा तिच्या मागोमाग आला. सगुणेने वरच्या थराला पहार लावली. तिची बोटं दगडी झाली, मग मनगटं. तरी तिने पहार सोडली नाही.

राजा बघत होता. "माझा थर काढला, तर माझं इथे काय राहील?"

"सावली राहील, महाराज."

राजाने मुकुट काढून खाली ठेवला आणि तिच्या हातातली पहार घेतली. त्याचा थर निघाला, तशी सगुणेची बोटं हलू लागली. बापाचा थर कण्हत निघाला. आजोबाचा म्हणाला, "फार उशीर केलात रे पोरांनो." खाली मुळ्या श्वासासाठी वर चढून बुंध्यालाच आवळून बसल्या होत्या. सगुणेने त्या एकेक करून कापल्या आणि पायांशी मोकळी माती घातली.

लगेच काही झालं नाही. झाडाचं दुखणं ते, सावकाशच जायचं. तीन वर्षं ती रोज पाणी घालत होती, राव्याची उरलेली पिसं मोजत होती. मांत्रिक केव्हाच राज्य सोडून गेला होता.

मग एका सकाळी रस्ताभर वास सुटला. पाराच्या जागी भिवा उभा होता, दाढी वाढलेला. सगुणेला रडूच कोसळलं. त्याने ओंजळ पुढे केली.

"घे ताई. खाली पडलेलीच आहेत, तोडली नाहीत."

त्या राज्यात आता गादीवर बसण्याआधी राजा बकुळीपाशी येतो, गुडघे टेकतो आणि तिचे पाय दिसतात ना, ते बघून मगच जातो.