बेहड्याची ढोली

मुलांनो, डोंगराच्या पायथ्याशी एक दाट जंगल होते. तिथे एका वारुळाशेजारी बीळ करून एक उंदीर आणि त्याची उंदरीण राहत असत. उंदीर फार कष्टाळू होता. गवत पिकले की तो पहाटेच घराबाहेर पडे, दाणे वेची आणि तोंडात भरभरून बिळात आणी. उंदरीण ते निवडी, वाळवी आणि आतल्या कोठीत नीट रचून ठेवी. तिकडचा उन्हाळा फार कडक. फाल्गुन सरला की रानातले गवत करपून जाई आणि मग पाऊस येईपर्यंत ज्याने त्याने आपापल्या बेगमीवर दिवस काढायचे. त्या वर्षी उंदराच्या घरी तीन पिल्ले झाली होती. म्हणून त्याने नेहमीपेक्षा जास्त दाणे आणले होते. "आपल्या पिल्लांना मी एक दिवसही उपाशी झोपू देणार नाही," असे तो उंदरिणीला सांगे, आणि ते अगदी मनापासून सांगे.

त्याच जंगलात एक कोल्हा होता. तो काही दाणे खात नसे. पण ज्याच्या दारी दाण्यांची रास, त्याच्या दारी सारे जंगल वाकून उभे राहते, हे त्याने ओळखले होते. एके दिवशी त्याने सुतार पक्ष्याला बोलावले आणि आतून पोकळ झालेले एक जुने बेहड्याचे झाड दाखवले.

"याला वर एक भोक पाड आणि खाली एक तोंड," कोल्हा म्हणाला. "वरून दाणा टाकला की तो खडखडत खाली यावा. बहुतेक दाणे आतल्या पोकळीतच राहावेत. क्वचित एखादा आतल्या फळीवर पडावा, फळी कलंडावी आणि पसाभर दाणे बाहेर यावेत."

"जमेल की," सुतार पक्षी म्हणाला.

"आणखी एक. जो दाणा आत राहणार, तो आधी खालच्या तोंडाशी येऊन थबकला पाहिजे. टाकणाऱ्याला तो दिसला पाहिजे. आता पडतो, आता पडतो, असे वाटले पाहिजे. मग तो मागे घरंगळला पाहिजे."

सुतार पक्ष्याने मान तिरकी करून विचारले, "ते कशासाठी?"

"तू लाकूड कोर. बाकीचे माझ्यावर सोड," कोल्हा हसून म्हणाला.

सुतार पक्ष्याने लाकूड कोरले, आपली मजुरी घेतली आणि तो उडून गेला.

कोल्हा हुशार होता. झाडाचा खेळ सुरू करण्याआधी तो जंगलाच्या पंचायतीकडे गेला. पंचायतीचे मुख्य होते एक म्हातारे अस्वल. अस्वल मनाने वाईट नव्हते. त्याने विचारले, "यात कुणाचे नुकसान तर नाही ना?"

"छे हो, आजोबा! साधा विरंगुळा आहे," कोल्हा म्हणाला. "बिचारे दिवसभर राबतात. घटकाभर हसतील, खेळतील. सक्ती कुणालाच नाही. आणि जमलेल्या दाण्यांतला वाटा मी पंचायतीच्या कोठीत आणून टाकीन. उन्हाळ्यात गोरगरिबांच्या उपयोगी पडेल."

पंचायतीच्या कोठीत तोवर धुळीशिवाय काही नव्हते. अस्वलाने परवानगी दिली.

कोल्ह्याने ढोलीच्या तोंडाभोवती लालभडक गुंजा चिकटवल्या आणि फांदीवर एक पोपट बसवला. पोपट दिवसभर ओरडे, "या, या! नशीब उघडा!" बघता बघता झाडाखाली जत्रा भरू लागली. उंदीरही एकदा नुसते बघायला म्हणून गेला. गंमत म्हणून त्याने एक दाणा टाकला. खडखड आवाज झाला, फळी कलंडली आणि त्याच्या पायाशी पसाभर दाणे पडले. उंदीर धावतच घरी आला. पिल्ले त्या दाण्यांवर लोळली. उंदरीणही हरखली. "आज चार पावले कमी चालावी लागली तुम्हाला," ती म्हणाली. त्या दिवशी त्या घरात सगळेच खूश होते.

दुसऱ्या दिवशी उंदीर पुन्हा गेला. दाणा तोंडाशी आला, थबकला आणि मागे गेला. "अरे, थोडक्यात हुकले!" शेजारचा ससा म्हणाला. उंदरालाही तसेच वाटले. त्याने दुसरा टाकला. मग तिसरा. संध्याकाळी तो रिकाम्या तोंडाने घरी आला आणि म्हणाला, "आज गवतात काही मिळालेच नाही गं."

पुढे हे रोजचेच झाले. तो दाणे वेचायला निघे आणि वाटेत झाडाखाली थांबे. वेचलेले संपले की घरातले नेई. तो काही आनंदासाठी खेळत नव्हता. गेलेले परत मिळाले की थांबायचे, असे तो रोज ठरवी, आणि गेलेले रोज वाढत जाई.

एके दिवशी उंदरिणीने कोठीत हात घातला, तर समोरच्या दाण्यांच्या पातळ थरामागे तिच्या हाताला नुसती टरफले लागली. दाणे नेल्याचे कळू नये म्हणून उंदराने टरफलेच रचून ठेवली होती. उंदीर आला तेव्हा तिने एवढेच विचारले, "अहो, पिल्लांना काय घालू?"

उंदीर ढसाढसा रडला. "पिल्लांची शपथ, पुन्हा त्या झाडाकडे बघणार नाही," तो म्हणाला. दोन दिवस तो खरोखरच गेला नाही. त्याला अन्न गोड लागेना, झोप लागेना. बिळावरून वारा वाहिला तरी त्याला ढोलीतली खडखड ऐकू येई. तिसऱ्या दिवशी तो गेला.

मग उंदरीण कोल्ह्याकडे गेली. कोल्ह्याने तिला सावलीत बसवले, पाणी दिले. "वहिनी, ऐकून फार वाईट वाटले," तो म्हणाला. "पण मी का कुणाला हाताला धरून आणतो? इतके प्राणी येतात, हसतखेळत घरी जातात. एखाद्याचा स्वतःवर ताबा नसेल, तर त्याला झाड काय करणार?"

उंदरीण उठली, पण घरी न जाता झाडासमोरच्या खडकावर जाऊन बसली. सकाळ सरेपर्यंत ती बघत राहिली. ससा आला, खार आली, साळिंदर आले. प्रत्येकाचा दाणा तोंडाशी येत होता, प्रत्येकाचा तिथेच थबकत होता आणि तिथूनच मागे जात होता. जो तो म्हणत होता, "थोडक्यात हुकले!" तेव्हा उंदरिणीला कळले की हुकण्यासाठीच ते झाड कोरलेले आहे.

ती धावत अस्वलाकडे गेली. "आजोबा, ही फसवणूक आहे," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याचे चुकले, हे मी नाकारत नाही. पण त्याने चुकावे, म्हणूनच ते झाड तसे कोरले आहे. तुम्ही स्वतः येऊन बघा."

अस्वलाने सुस्कारा टाकला आणि आपल्या मागे पाहिले. पंचायतीची कोठी आता निम्मी भरली होती. "तू म्हणतेस ते खरे असेल, पोरी," ते म्हणाले. "पण झाड बंद केले तर उन्हाळ्यात गरिबांना मी काय वाटू?"

"ते दाणे गरिबांचेच आहेत, आजोबा."

शेवटी पंचायत भरली, पुष्कळ चर्चा झाली आणि एक निर्णय झाला. पोपटाने "नशीब उघडा" म्हटल्यावर "पण जपून खेळा" असेही म्हणावे. कोल्ह्याने तो निर्णय आनंदाने मान्य केला. खेळणाऱ्यांच्या पिल्लांना पाणी पिण्यासाठी त्याने झाडाजवळ एक डबकेही खणून दिले. कोल्हा किती सज्जन आहे, असे सगळे म्हणू लागले.

उंदरिणीने हाय खाल्ली नाही. एका दुपारी उन्हाच्या तडाख्याने सगळे सावलीला गेले असताना तिने डबक्याकाठचा चिखल आणला आणि ढोलीचे वरचे भोक बुजवून टाकले. तिचे पंजे सोलवटले, पण मनाला जरा बरे वाटले.

ऊन उतरले आणि प्राणी आले. बुजलेले भोक पाहून हाहाकार उडाला. कोल्हा आपल्या गुहेतून बाहेरही आला नाही. त्याला यावेच लागले नाही. ससा, खार, साळिंदर, सगळ्यांनी मिळून तो चिखल नखांनी उकरून काढला. सशाची बायको उंदरिणीच्या अंगावर धावून आली. तिचे स्वतःचे घर केव्हाच रिकामे झाले होते. "माझे गेलेले सगळे आज परत मिळणार होते," ती किंचाळली. "नेमके आजच बुजवलेस? आमचे बरे झालेले तुला बघवत नाही!"

उंदरिणीने वर पाहिले. सगळ्यांच्या आधी भोकापाशी पोचून चिखल उकरत होता, तो तिचाच उंदीर होता. त्याने तिच्याकडे पाहिले नाही.

चैत्र लागला. गवत करपले, ओढा आटला, झाडाजवळचे डबकेही सुकले. उंदराच्या कोठीत आता टरफलेही उरली नव्हती. उंदरीण मुळे उकरी, सुकलेल्या शेंगा चावून मऊ करी आणि पिल्लांना भरवी. पण एवढ्याशा पिल्लांना ते पचेना. थोरले पिल्लू गेले. पाठोपाठ दुसरेही गेले. धाकटे तेवढे उरले. ते रडतही नसे, नुसते आईच्या पोटाला चिकटून पडून राही.

अखेर पंचायतीने कोठी उघडली. त्या दिवशी मोठा समारंभ झाला. अस्वलाने आपल्या हाताने कोल्ह्याच्या गळ्यात पळसाच्या फुलांची माळ घातली आणि त्याला जंगलाचा अन्नदाता म्हटले. मग रांग लागली. ससे, खारी, साळिंदरे खाली मान घालून पुढे सरकत होती आणि प्रत्येकाला मूठभर दाणे मिळत होते. उंदरिणीनेही पदर पसरावा तसे एक पान पसरले. दाणे हाती आले तेव्हा तिने ते ओळखले. कार्तिकात तिने स्वतः निवडून वाळवलेले, डोंगराच्या वरच्या उतारावरचे बारीक तांबूस दाणे होते ते.

तिने ते घरी आणले. चार दाणे तिने उंदराला दिले आणि बाकीचे पानात बांधून पिल्लाजवळ ठेवले. "मी पाणी घेऊन येते," ती म्हणाली. "हे कोरडे त्याला गिळवणार नाही. आल्यावर भिजवून भरवते. तोवर त्याच्याजवळ बसा. एवढे तरी कराल ना?"

"करीन," उंदीर म्हणाला.

ओढा आटल्यामुळे पाणी लांब होते. पान पाण्याने भरून, ते सांडू नये म्हणून हळूहळू चालत ती परत आली, तेव्हा बिळात उंदीर नव्हता आणि दाणेही नव्हते. पिल्लू होते. तिने त्याच्या तोंडाला पाणी लावले. ते पाणी ओठांवरून ओघळून खाली गेले.

उंदीर आला, तो दारातच उभा राहिला. आत काय झाले ते त्याला न सांगताच कळले. तरी त्याच्या तोंडून शब्द निघाले, "या वेळी अगदी काठावर आला होता गं. मिळाले असते ना, तर त्याला महिनाभर पुरले असते."

उंदरिणीने पिल्लाला उचलले आणि ती पंचायतीपुढे जाऊन उभी राहिली. अस्वलाचे डोळे भरून आले. कोल्हाही आला होता. त्याने मान खाली घातली आणि उंदरिणीच्या घरी पाच दिवसांचे दाणे स्वखर्चाने पाठवण्याची तयारी दाखवली. पंचायतीने त्याचे आभार मानले. पुष्कळ चर्चेअंती असे ठरले की, पोपटाने "जपून खेळा" हे यापुढे दोनदा म्हणावे.

उंदरिणीने पिल्लाला वारुळामागे पुरले. मातीवर एक दगड ठेवून ती उठली. उंदीर थोड्या अंतरावर बसला होता. तो इतका वाळला होता की त्याच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. "चल, घरी जाऊ," तो हळूच म्हणाला. "आता मी खरेच थांबेन."

"कुठल्या घरी?" उंदरीण म्हणाली.

ती डोंगराच्या दिशेने चालू लागली. उंदीर तिच्या मागे निघाला. तेवढ्यात झाडाखाली एकच गलका उठला. कुणाच्या तरी पायाशी पसाभर दाणे पडले होते. ससे धावले, खारी धावल्या, पोपट जोरजोराने ओरडू लागला. उंदीर थांबला. त्याने एकदा डोंगराकडे पाहिले, एकदा झाडाकडे पाहिले.

उंदरिणीने मागे वळून बघितले नाही. चढण चढताना आपल्यामागे पावले वाजत नाहीत, एवढे मात्र तिला समजले.

तात्पर्य : खेळणाऱ्याच्या चुकीवरच ज्याचा धंदा चालतो, त्याने केलेले दान हा धर्म नव्हे, आणि त्या दानावर जे आपली कोठी भरून घेतात, त्यांना बुडणाऱ्याची हाक ऐकू येते, पण हात देता येत नाही.