पांढरा ठिपका

एका गावात एक सून होती, मंजुळा नावाची. बायका म्हणत, भारी तोंडाळ! तोंडाळ कसली? समोरच्याचं नीट ऐकून घ्यायची आणि मग नीटच बोलायची. पण गावाला ते कुठलं चालायला!

मंजुळेला दिवस गेले. पाचव्या महिन्यात तालुक्याला जाऊन सोनोग्राफी झाली. पडद्याकडे बघता बघता डॉक्टरीणबाई जरा थांबल्या. म्हणाल्या, "बाळाच्या हृदयात एक पांढरा ठिपका दिसतोय. बहुतेक वेळा त्याचं पुढे काही होत नाही. क्वचित आजाराची खूण असते. आज मला नक्की सांगता येणार नाही. तीन आठवड्यांनी परत बघू."

मंजुळा घाबरली. कोण नाही घाबरणार? पण 'बहुतेक' आणि 'क्वचित' हे दोन्ही शब्द तिने जपून घरी आणले. बरोबर गेलेल्या सासू भागीरथीबाईंनी मात्र फक्त 'ठिपका' आणला.

तो त्यांनी शेजारणीला सांगितला. तिच्या घरातून बाहेर पडला तेव्हा त्याचं भोक झालं होतं. नळावर पोचेस्तोवर त्याची गाठ झाली. दिवेलागणीला देवळापाशी तर बाळाला हृदयच नाही, असं ठरूनसुद्धा गेलं!

"ग्रहणात विळीवर बसली होतीस ना? त्याचंच हे," सासू म्हणाली.

"मी दोडका चिरला, आत्याबाई. बाळाला हात नाही लावला."

डोहाळजेवण रद्द झालं. नवरा दिगंबर स्वभावाने गरीब, पण आईपुढे त्याचं काही चालत नसे. खाली मान घालून तो म्हणाला, "सोमवारी जीप सांगितलीय. मोकळी होऊन ये. पुढे दुसरं होईल."

"अहो, परत बघायचं ठरलंय ना?"

"तोवर उशीर होईल, असं सगळे म्हणतात."

सोमवारी जीप दारात आली. बायाही जमल्या, त्यांना कुणी बोलवावं लागत नाही. मंजुळा उंबऱ्यातच बसली.

"मी येणार नाही."

"अगं, पोर अधू निघालं तर?" शेजारीण कळवळून म्हणाली.

"निघेल किंवा नाही निघणार. डॉक्टरीणबाईंना मशीन लावून नक्की कळलं नाही, ते तुम्हाला नळावर कळलं होय? मग सांगा, काय आहे माझ्या बाळाला?"

"भोक आहे," एक म्हणाली. "भोक कसलं, गाठ!" दुसरी तिच्यावर खेकसली. तिसरीला दोघींचंही पटेना. चांगलीच जुंपली त्यांची.

मंजुळा उठून उभी राहिली. "तुमचं तुमच्यात जमेना, आणि माझं बाळ घालवायला निघालात! उद्या खरंच काही वाईट निघालं, तर काय करायचं ते मी ठरवीन. रडत का होईना, मीच ठरवीन. पण कुणालाच काही माहीत नसताना मी जीपमध्ये पाय ठेवणार नाही. न्या ती परत!"

जीप रिकामी गेली. गावाने तिला नावं ठेवली. ती जेवली आणि झोपली.

तीन आठवड्यांनी सासू पुन्हा हट्टाने बरोबर आली. ठिपका होता तिथेच होता. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "हृदय छान चाललंय. आजाराची दुसरी कुठलीही खूण नाही. मला काळजीचं वाटत नाही. पण शंभर टक्के खात्री मी देणार नाही, कुणीच देऊ शकत नाही."

"म्हणजे अजून माहीत नाहीच!" सासू करवादली.

मंजुळा तिच्याकडे वळली. "आत्याबाई, हे तुमच्या पोटात होते, तेव्हा तुम्हाला काय माहीत होतं?"

भागीरथीबाईंचे डोळे भरून आले. "काहीच नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. "काहीसुद्धा नाही."

त्याच आठवड्यात त्यांनी सुनेची ओटी स्वतःच्या हाताने भरली, आणि नळावरच्या झाडून सगळ्या बायांना जेवायला बोलावलं.

आता तुम्ही विचाराल, बाळ कसं झालं? नाही सांगणार जा! बाळ ठणठणीत निघालं म्हणून मंजुळा बरोबर, असं कुणी म्हणायला नको. उंबऱ्यात उभी राहिली, तेव्हाच ती बरोबर होती.

तात्पर्य: शंका म्हणजे निकाल नव्हे, जाणत्याने 'माहीत नाही' म्हटलं, तर त्या कोऱ्या जागेत आपली भीती भरून कुणाच्या जिवाचा फैसला करू नये.