नववं यंत्र

“चार डाव फोन केला. एका तरी डावाला कुणी खरं मानलं का? सांगा की, नाना!”

हौसाबाई मठाच्या ओसरीवर उभीच होती. बसायला ती आलीच नव्हती.

त्र्यंबक दामले, सगळ्यांचे नाना, डोळे मिटून ऐकत होते. लहान मुलांच्या औषधाचा डोस काढणारं सॉफ्टवेअर पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. आता ते त्यांचा शिष्य सलील सांभाळत होता. नवी आवृत्ती आज संध्याकाळी तीनशे दवाखान्यांत जायची होती. नानांच्या होकारासाठी तो मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता.

“बाई, कोडमध्ये काही बदललं, की नऊ गावांतली नऊ यंत्रं ते आपोआप तपासतात,” सलील म्हणाला. “माणसाचा हात लागत नाही. सगळं हिरवं आल्याशिवाय मी काही सोडत नाही.”

“आन् आमचं?”

नववं यंत्र तिच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रातलं. झाडू मारता मारता तिनं त्याच्यावर चारदा लाल खूण पाहिली होती.

“तुमचं यंत्र जुनं. ते उगाच रडतं.”

“उगाच? दुप्पट डोस दाखवला त्यानं! नर्सबाईनं दिसला तसा टोचला. दीड वर्साची नात माझी. आता कानाशी ताट बडवलं तरी मान वळवत न्हाई.”

सलीलची मान खाली गेली.

“एक लाल होतं,” नाना म्हणाले, “तर सगळं हिरवं कसं?”

“नववं मोजू नये, असं फाइलमध्ये लिहिलंय.”

“कुणी?”

“...बघितलं नाही कधी.”

“प्रत्येक ओळीपुढं लिहिणाऱ्याचं नाव दिसतं. बघ.”

सलीलनं बघितलं. लॅपटॉप मिटला.

“झाकतोस व्हय, मेल्या?” हौसाबाई कडाडली. “तुझंच नाव न्हवं का?”

“हो. माझंच. चूक माझी.”

भांडायला आलेल्या हौसाबाईला ही इतकी सोपी कबुली पटेना. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“उघड,” नाना म्हणाले.

“नाना, नको...”

“ओळ वाच.”

“‘गावात वीज टिकत नाही. नववं यंत्र तूर्त मोजू नये.’”

“तारीख?”

“अकरा वर्षांपूर्वीची.”

“तेव्हा तू सातवीत होतास.”

सलीलनं लॅपटॉप पुन्हा मिटायला हात उचलला.

“ती ओळ पुस.”

त्यानं पुसली. तपासणी आपोआप पुन्हा सुरू झाली. एक हिरवं. दुसरं. आठवं...

नववं लाल.

संध्याकाळची आवृत्ती जागच्या जागी अडकली.

“आता तरी नाव सांगा,” हौसाबाईचा आवाज बसला होता. “गेलेलं परत येत न्हाई, ठाव हाय मला. पर पोरगी मोठी झाली की इचारंल. तिला काय सांगू?... ऐकू तरी कुठं जाणार हाय तिला. लिहून द्या.”

सलीलनं नकारार्थी मान हलवली. बोट कळफलकावरून काढून घेतलं.

नाना उठले. ओसरी उतरून हौसाबाईच्या दोन पायऱ्या खाली जाऊन उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढली.

“लिही, सलील. त्र्यंबक दामले.”