पेलागेयाचा ओंडका

फार वर्षांपूर्वी, रशियातल्या आगगाड्या लाकडं खाऊन धावायच्या, तेव्हाची ही गोष्ट. उत्तरेच्या जंगलात, रुळांच्या कडेला वेरेस्कोवो नावाची लाकूडतोड्यांची वस्ती होती. पंचवीस घरं, तीही ओंडक्यांचीच. पलीकडे अस्वलं आणि अलीकडे अस्वलांसारखीच माणसं! दिवसातून एकदा गाडी यायची, इंजिनात सरपण भरून घ्यायची आणि निघून जायची.

ते सरपण पारखायची पेलागेया. एकटी बाई, जिभेची तिखट. ती प्रत्येक ओंडक्यावर बोटांनी टकटक करून ऐकायची. वाळलेलं लाकूड खणखणीत वाजतं, ओलं बद्द वाजतं. नुसत्या टकटकीवरून ती उभ्या झाडाचं वय सांगायची, असं म्हणतात.

पुढे पेलागेया म्हातारी झाली आणि तिचे कान गेले. तिनं ते कुणाला कळू दिलं नाही. कळलं तर काम जाईल, आणि कामाशिवाय बिचारीला होतं कोण? ती टकटक करत राहिली, मान डोलवत राहिली.

एका वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर पावसानं नुसता पिच्छा पुरवला आणि मागोमाग हाडं गोठवणारी थंडी पडली. सकाळी गाडी सरपण घेऊन निघाली आणि कोसभरावर जाऊन थांबली. भट्टीत जाळ कमी, धूरच जास्त. डब्यांत साठ माणसं, त्यांत तान्ही पोरं. भट्टी विझली असती, तर संध्याकाळपर्यंत सगळी गोठून गेली असती.

ड्रायव्हर धावत वस्तीवर आला. "ओली लाकडं कुणी दिली?"

"आजीनं पारखलीत. ओली असतीलच कशी?" मुकादम तिखोन म्हणाला.

पेलागेयाला शब्द ऐकू आले नाहीत, पण चेहरे वाचता आले. ती पुढे झाली. "मीच दिली. दोन वर्षं झाली, तिखोन, मला ऐकू येत नाही."

माणसं सरपण शोधायला घरोघरी धावली. घराघरांतलं सरपणही त्याच पावसात भिजलेलं होतं. पेलागेया आपल्या घराशी गेली, भिंतीला गाल टेकवला आणि टकटक केली. लाकूड थेट तिच्या दातांत वाजलं. चाळीस वर्षं चुलीच्या उबेत वाळलेलं लाकूड ते!

"छप्पर उतरवा," ती म्हणाली.

"आजी, ऐन हिवाळ्यात तू राहशील कुठं?"

तिनं ऐकलं नाही. ऐकू येत असतं, तरी ऐकलं नसतं. पहिली कुऱ्हाड तिनंच घातली.

सगळी वस्ती मदतीला धावली. घसरगाड्यांवरून घर इंजिनापर्यंत गेलं आणि भट्टीत जाळ धडधडला. रुळांवरचा बर्फ गाडीच्या पुढे पुढे वितळत गेला, असं म्हणतात. धुराला पेलागेयाच्या भाकरीचा वास येत होता, असंही म्हणतात. एवढं मात्र नक्की, की साठच्या साठ माणसं जिवंत पोचली.

दुसऱ्या दिवसापासून चोवीस घरांनी आपापले ओंडके आणले आणि आठवड्यात तिचं घर उभं केलं. कामही तिचं तिलाच राहिलं. त्यानंतर ती लाकूड गालानं पारखू लागली.

आता गाड्यांना लाकूड लागत नाही. तरी वेरेस्कोवोत प्रत्येक घराच्या वळचणीला एक वाळलेला ओंडका असतो. दर हिवाळ्याआधी घरातलं कुणीतरी त्याला गाल टेकवून टकटक करतं. घरात कितीही थंडी वाजो, तो स्वतःच्या चुलीत घालत नाहीत. एखादं पोर विचारतं, "मग हा आहे कुणाचा?"

"ज्याची चूल विझेल त्याचा," मोठी माणसं सांगतात.