केवडी माहेरी गेली तेव्हा

फार वर्षांपूर्वी, डोंगर आजच्याहून चार हात उंच होते आणि नद्या मनात आलं तर माणसांशी बोलत, त्या काळी दुआळी गावात कोंडाई परटीण राहायची. गावाला आळ्या दोन, वरची आणि खालची, आणि मधून केवडी नदी. कोंडाईचा नवरा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेला. पोरबाळ नव्हतं. घरात एक आंधळी आई, नाथी तिचं नाव. नाथीचे गुडघेही धरलेले, त्यामुळे ती दारातून हलत नसे. पण घाटावर लेक धुणं आपटायची त्याचा आवाज ती बसल्या जागी ऐकायची आणि आज धुणं किती पडलंय ते बरोबर सांगायची.

गावाची रीत अशी की पावसाळा सरला की केवडीची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ. ओटी भरणार सवाष्णी. कोंडाईनं लांब उभं राहायचं आणि पाय पुसायला धुतलेली फडकी पुढं करायची. एवढाच तिचा मान, आणि त्याला मान म्हणायचं असेल तर म्हणा. सवाष्णींत मात्र पहिली ओटी कोणाची यावरून दरसाल तोंडातोंडी व्हायची. वरच्या आळीची बजाबाई म्हणायची, पाणी आधी आमच्या दारावरून येतं. खालच्या आळीची सुंदराबाई म्हणायची, घाट आमचा आहे. एका वर्षी तोंडातोंडीची हातघाई झाली. बाप्यांनी पाण्यात उभं राहूनच काठ्या चालवल्या, डोकी फुटली आणि केवडीच्या पाण्यात रक्त सांडलं.

दुसऱ्या सकाळी कोंडाई गाठोडं घेऊन घाटावर गेली, तर नदी नाही! गोटे होते, शिंपले होते, आणि वाळूवर कुणी लुगड्याचा घोळ ओढत नेल्यासारखी खूण होती. ती खूण सरळ डोंगराकडं गेली होती. केवडी रुसून माहेरी गेली, असं म्हणतात.

मग विहिरी आटल्या. गुरं हंबरून हंबरून गप्प झाली. पंचांनी ठरवलं, अमावास्येपर्यंत वाट बघायची, नाहीतर गाव उठवायचं. घरोघर लोक गाड्या भरायला लागले. कोंडाई प्रत्येक गाडीपाशी जाऊन विचारून आली, माझ्या आईला यात घ्याल का? कुणी वर बघितलं नाही. एक जण म्हणाला, "जागा न्हाई गं, कोंडे." त्या दिवशी तिला कळलं की गाव उठलं तर नाथी इथंच राहणार.

शिदू गुरव म्हणाला, रुसलेल्या सुनेला आणायला बायामाणसं जातात, तसं जाऊन बघू. ओटी बांधली. बजाबाई निघाली म्हणून सुंदराबाई निघाली, कारण एकीला एकटं जाऊ देणं दुसरीला परवडणारं नव्हतं. वाट दाखवायला शिदू. आणि ओझं उचलायला कुणीतरी हवं म्हणून कोंडाई. आईला शेजारणीच्या हवाली करून ती निघाली, पण तिचं सगळं चित्त मागं, दारातच राहिलं होतं.

कोरड्या पात्रातून चौघं वर वर चालली. जसजशी वर गेली तसतसं रान निराळं होत गेलं. मासे पोहावेत तशा पांढऱ्या फुलपाखरांच्या झुंडी पात्रातून वर जायच्या आणि वळणावर दिसेनाशा व्हायच्या. दिवस मावळायला विसरायचा. शिंपला कानाला लावला की घाटावरच्या जुन्या गप्पा ऐकू यायच्या, कधीच्या काळी मेलेल्या बायकांच्या सुद्धा. बजाबाईनं एक शिंपला उचलला, तर त्यात तिच्याच लग्नाची वाजंत्री. सुंदराबाईनं कान लावला आणि म्हणाली, "अगं, ह्यात तर मी खिदळतेय!" खरंच, त्या लग्नात ती करवली होती. दोघी हसल्या आणि त्या दिवशी दोघींनी एकाच भाकरीचे दोन तुकडे केले. तिथंच परत फिरल्या असत्या तरी अर्धं काम झालं असतं, असं मला आपलं वाटतं.

पण पुढं पात्राला दोन फाटे फुटले. डावा रुंद, उजवा खोल. बजाबाई म्हणाली, डावीकडं. सुंदराबाई म्हणाली, उजवीकडं. वाटेवरून सुरू झालेलं भांडण ओटीवर कधी गेलं ते त्यांनाही कळलं नाही. नदी अजून दिसली नव्हती, आणि यांची पहिल्या ओटीवरून जुंपली!

"नारळ माझ्या घरचा हाय," बजाबाईनं नारळ ओढून घेतला.

"मग खण माझ्या घरचा," सुंदराबाईनं खण काखेत मारला.

एक डावीकडं गेली, एक उजवीकडं. मागं वळून कुणी बघितलं नाही. शिदू गुरव तिथल्याच एका धोंड्यावर बसला. म्हणाला, "मी कुनाचीच बाजू घेत न्हाई. जी नदी घिऊन यील तिच्यासंगं जाईन." कोंडाईच्या फडक्यात तांदूळ तेवढे राहिले. ते तिनं शिदूला दिले, कारण नुसतं बसणाऱ्यालाही भूक लागतेच.

आता चौघांतली ती एकटी उरली, रिकाम्या हातांनी. परत फिरावं असं मनात आलं, पण परत जाऊन आईला काय सांगायचं? ती दगडांना हात लावत फिरू लागली. जिनं जन्मभर दगडावर कपडे वाळत घातले तिच्या हाताला दगड कुठं ओल धरून आहे ते कळतं. डावा फाटा कोरडा. उजवाही कोरडा. ओल होती ती मधल्या कड्यात, जिथून वाटच नव्हती. कोंडाईनं पदर खोचला आणि ती कडा चढली.

वर धुकंच धुकं. धुकं ही केवडीची आई, असं म्हणतात. ती लेकीचे केस विंचरत बसली होती. केवडी मांडी घालून बसलेली, आणि तिचं हिरवं लुगडं माथ्यावरच्या सगळ्या खोलगट जागेत पसरलेलं, घडीवर घडी, घडीवर घडी.

"कोन हाय?" केवडीनं विचारलं.

"मी कोंडी परटीण."

"ओटी आनलीस?"

"ओटी त्या दोघी घिऊन गेल्या. आन् माझ्यापाशी असती तरी मला कुठं भरता येती?"

"मग आलीस कशाला?"

गावासाठी आले, असं कोंडाई सांगणार होती. पण तिथं धुक्यात खोटं बोलवेना. "माझी आई आंधळी हाय, माये. गाव उठलं तर तिला मागं टाकून जातील. मला गाव नगं आन् मान नगं. माझ्या म्हातारीसाठी चल."

केवडीनं पदर पुढं केला. त्यावर हातभर तांबूस डाग होता. "असलं लुगडं नेसून सासरी यिऊ?"

कोंडाईनं डाग बघितला आणि तिला चक्क राग आला. "मग तवाच सांगायचं न्हाईस व्हय? दे हिकडं."

तिनं एक चपटा धोंडा बघितला आणि बैठक मारली. पदर भिजवला, चोळला, आपटला. तेवढा भाग स्वच्छ झाला, तर डाग पुढच्या हातभर कापडावर सरकलेला. ती एक पाऊल खाली सरकली. तो भाग धुतला, डाग आणखी पुढं. ती आणखी खाली. लुगडं काही संपेना. आणि धुतलेला प्रत्येक हात खळखळत तिच्या मागून उतरणीला लागला. कोंडाई लुगडं धूत होती आणि केवडी वाहत होती.

फाट्यापाशी शिदूचा धोंडा भिजला तसा तो दचकून उठला. बजाबाईची वाट एका कातळापाशी संपली होती. तिथं ती जे म्हणे तेच कातळ म्हणे, "आधी मी, आधी मी," म्हणून ती कंटाळून परतली होती. सुंदराबाईचीही तीच गत. दोघी फाट्यावर आल्या तर मध्ये भरलेलं पाणी, एक या काठावर, एक त्या काठावर. दोघींनी कोंडाईला हाका मारल्या. तिनं मान वर केली नाही, कारण डाग पुढं सरकत होता.

दुआळीत त्या दिवशी अमावास्या. गाड्या जुंपलेल्या. बैल अचानक थांबले आणि जू घेऊनच घाटाकडं वळले. सगळे आनंदानं ओरडत धावले. रिकाम्या गावात दारात बसलेल्या नाथीनं मात्र पाण्याआधी दुसराच आवाज ऐकला. "ही माझ्या कोंडीची आपट," ती म्हणाली, आणि चालता येईना तर सरपटत घाटावर गेली.

कोंडाई कमरेएवढ्या पाण्यात होती. इतके दिवस पाण्यात राहून ती आरपार दिसायला लागली होती, असं म्हणतात. डाग आता तळहाताएवढा उरला होता.

"कोंडे, वर ये गं. दमलीस."

कोंडाईनं आईकडं बघितलं. डाग तसाच सोडला तर केवडी पुन्हा माहेरची वाट धरेल हे तिला ठाऊक होतं. "आये, एवढं जरासं ऱ्हायलंय. धुते नि येतेच."

आणि सरकत्या डागामागं ती घाटाखालच्या वळणाआड गेली. संध्याकाळपर्यंत गावाला आपट ऐकू येत होती. त्यानंतर ती फक्त नाथीला ऐकू यायची.

नाथी पुढं नऊ वर्षं जगली. तिला भाकरी एक दिवस बजाबाईची, एक दिवस सुंदराबाईची. न्हाऊ घालायला दोघी मिळून यायच्या, आणि म्हातारी दोघींनाही कोंडी म्हणूनच हाक मारायची.

आजही दुआळीत ओटीच्या दिवशी वरच्या आळीचं धुणं खालची आळी धुते आणि खालच्या आळीचं वरची. बाप्येही गुडघाभर पाण्यात उतरतात. पण त्याआधी ओटी भरतात, आणि पहिली ओटी भरते ती गावातली एक विधवा बाई. खण, नारळ, तांदूळ पाण्यात सोडून ती वळणाकडं तोंड करते आणि मोठ्यानं विचारते, "कोंडाई, डाग गेला का गं?"

सगळा घाट चिडीचूप होतो. पोरंसुद्धा. वळणापलीकडून आपटल्यासारखा आवाज येतो, पाण्याचा असेल नाहीतर तिचा. मग गावातलं सगळ्यांत म्हातारं माणूस कान देऊन ऐकतं आणि सांगतं, "ऱ्हायलाय अजून थोडा." आणि दोन्ही आळ्या एकमेकींची गाठोडी सोडून धुवायला बसतात.